गालिचा बदलताना किंमतीआधी मागची बाजू पाहा

सणासुदीचे दिवस जवळ आले की साफसफाईच्या निमित्ताने दिवाणखान्यातील जुन्या गालिच्याकडे लक्ष जाते. लव झिजलेली, कडा उसवलेल्या, रंग विटलेला. तो बदलण्याचा विचार घरात सुरू होतो. बाजारात मात्र एकाच मापाचे आणि वरून जवळपास सारखेच दिसणारे दोन गालिचे किमतीत कित्येक पटींनी वेगळे असतात. हा फरक कशामुळे पडतो हे ठाऊक नसल्यास स्वस्त म्हणून घेतलेली वस्तू अखेर महाग पडते, किंवा साध्या मालासाठी हस्तकलेचे दाम मोजले जातात.

विणकामाचे चार प्रकार

गालिच्याचे आयुष्य मुख्यतः त्याच्या बांधणीवर ठरते. हाताने गाठी मारून विणलेल्या गालिच्यात कारागीर उभ्या ताण्यावर एकेक गाठ बांधतो. काश्मीर आणि उत्तर प्रदेशातील भदोही-मिर्झापूर हा पट्टा या कामासाठी प्रसिद्ध आहे. भदोहीच्या हस्तनिर्मित गालिच्यांना २०१० मध्ये, तर काश्मिरी गालिच्यांना २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. असा एक गालिचा पूर्ण होण्यास कित्येक महिने लागतात. लोकर चांगली असेल आणि निगा राखली गेली, तर तो काही दशके टिकतो.

दुसरा प्रकार टफ्टेड गालिच्यांचा. यात हातातील यंत्राने कापडात धागे घुसवले जातात. त्यांना धरून ठेवण्यासाठी मागे लॅटेक्सचा थर देऊन त्यावर अस्तर चिकटवतात. हे काम झटपट होते, म्हणून किंमत कमी असते. मात्र काही वर्षांनी लॅटेक्स कोरडे पडून त्याची भुकटी होऊ लागते आणि धागे सुटतात.

तिसरा प्रकार यंत्रमागावर विणलेल्या गालिच्यांचा आणि चौथा लव नसलेल्या सतरंजीचा. हरियाणातील पानिपत, तेलंगणातील वरंगळ आणि कर्नाटकातील नवलगुंद येथील सतरंज्या नावाजलेल्या आहेत. सुती सतरंजी वजनाला हलकी, दोन्ही बाजूंनी वापरता येणारी आणि धुण्यास सोपी असते.

ओळखायचे कसे?

यासाठी गालिचा उलटा करणे पुरेसे आहे. गाठींच्या गालिच्यात पुढची नक्षी मागेही स्पष्ट दिसते आणि गाठींमध्ये हातकामाचा किंचित असमानपणा असतो. त्याची झालर म्हणजे ताण्याचेच मोकळे सोडलेले धागे असतात. मागे पूर्ण अस्तर चिकटवलेले असल्यास तो बहुधा टफ्टेड असतो. मागील ओळी अगदी एकसारख्या आणि झालर वेगळी शिवलेली असेल, तर तो यंत्रनिर्मित समजावा.

धाग्याचीही खातरजमा करावी. ‘आर्ट सिल्क’ किंवा ‘बांबू सिल्क’ या नावाने विकला जाणारा धागा रेशीम नसून बहुधा व्हिस्कोज असतो. तो चमकदार दिसतो, पण ओला झाल्यावर कमकुवत होतो आणि त्यावरील डाग सहजासहजी निघत नाहीत. विक्रेत्याच्या परवानगीने काढलेले एक-दोन तंतू जाळून पाहता येतात. लोकर व रेशीम जळताना केस जळाल्याचा वास येतो, व्हिस्कोजला कागद जळाल्याचा वास येतो, तर कृत्रिम धागा वितळून त्याची कडक गोळी होते.

हवामान आणि वापर

मुंबई, कोकण, गोवा किंवा कोलकात्यासारख्या दमट भागांत ताग आणि व्हिस्कोज टाळलेले बरे. तेथे सुती सतरंजी किंवा पाणी न शोषणारा पॉलिप्रॉपिलीनचा गालिचा सोयीचा ठरतो. कडाक्याच्या थंडीच्या उत्तर भारतात लोकरीची ऊब उपयोगी पडते. लोकर दाबली गेली तरी पुन्हा उभारी धरते आणि वरवरची धूळ सहज सोडते. तिला कसर लागण्याचा धोका असल्याने गालिचा अधूनमधून उलटवून झटकावा लागतो.

खर्चाचे गणित

किंमत वापराच्या वर्षांनी भागून पाहिल्यास चित्र स्पष्ट होते. समजा, पाच हजार रुपयांचा गालिचा चार वर्षांत टाकावा लागला, तर वर्षाचा खर्च १,२५० रुपये येतो. बारा हजारांचा पंधरा वर्षे टिकला, तर तोच खर्च ८०० रुपये होतो. याचा अर्थ महागच घ्यावे असा नाही. भाड्याचे घर, वरचेवर होणाऱ्या बदल्या किंवा घरात लहान मुले असतील, तर साधी सतरंजी किंवा यंत्रनिर्मित गालिचा हीच शहाणपणाची निवड होय. खरे नुकसान होते ते टफ्टेड किंवा व्हिस्कोजच्या गालिच्यासाठी गाठींच्या गालिच्याची किंमत मोजल्यास. त्यात ग्राहक फसतोच, शिवाय महिनोन् महिने मागावर बसणाऱ्या विणकराच्या श्रमांचे मोलही हिरावले जाते.

मापातही बचत होते. सहा बाय नऊ फुटांचा गालिचा ५४ चौरस फुटांचा, तर पाच बाय आठचा ४० चौरस फुटांचा असतो. दर चौरस फुटावर असल्यास पहिल्यासाठी ३५ टक्के जादा पैसे पडतात. म्हणून खरेदीपूर्वी जमिनीवर वर्तमानपत्रे पसरून माप ठरवावे. सोफ्याचे पुढचे पाय गालिच्यावर आले तरी पुरते. जुन्या गालिच्याचा मधला भागच झिजला असेल, तर कडेचा चांगला भाग कापून, त्याला पट्टी शिवून व्हरांड्यासाठी वापरता येतो.

शेवटची दक्षता पावतीची. विणकामाचा प्रकार, धागा आणि माप या तिन्ही गोष्टी पावतीवर लिहून घ्याव्यात. मानांकित काश्मिरी गालिचा म्हणून विक्री होत असल्यास त्यावरील क्यूआर कोडची चिठ्ठी तपासावी. सांगितलेला माल आणि मिळालेला माल यांत तफावत आढळल्यास राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदवता येते, आणि त्या वेळी ही पावतीच ग्राहकाचा पुरावा ठरते.