उंदीर, पाळीव : पैदास व गर्भनिदान

स्तनी वर्गाच्या कृंतक (कुरतडणाऱ्या प्राण्यांच्या) गणातील म्युरिडी कुलात उंदरांचा समावेश होतो. पाळीव उंदीर हा या कुलातील तपकिरी उंदरापासून उत्पन्न झालेला असून त्याचे शास्त्रीय नाव रॅटस नॉर्व्हेजिकस असे आहे. प्रयोगशाळेतील पांढरा उंदीर हा याच जातीचा प्रकार होय. एकोणिसाव्या शतकात इंग्लंडमध्ये निराळ्या रंगाचे उंदीर वेगळे ठेवून त्यांची पैदास होऊ लागली. अमेरिकेत फिलाडेल्फिया येथील विस्टार संस्थेने १९०६ पासून पांढऱ्या उंदरांचा प्रमाणित वाण तयार केला. यांच्या प्रजननाविषयीची माहिती मुख्यत्वे प्रयोगशाळांतील निरीक्षणांतून मिळाली असून लाँग व इव्हान्स यांचा मदचक्रावरील १९२२ चा प्रबंध या विषयात पायाभूत मानला जातो.

मदचक्र व समागम : मादी सु. ५ ते ६ आठवड्यांत वयात येते; परंतु पैदाशीसाठी ती ४ ते ६ महिन्यांची, निरोगी व भरल्या अंगाची असणे इष्ट असते. मदचक्र ४ ते ५ दिवसांचे असून प्रत्यक्ष माज सु. १२ तास व बहुधा रात्री टिकतो. माजावरील मादीचे कान थरथरतात, ती आखूड उड्या मारते व पाठीला स्पर्श होताच पाठ खोलगट करून शेपूट बाजूला घेते. जोडा ५ ते १० दिवस एकत्र ठेवल्यास निदान एक माज त्या काळात येतो. समागमानंतर नराच्या स्रावाचा घट्ट, पिवळसर पांढरा गोळा योनिमार्गात तयार होतो व काही तासांत गळून पडतो. तो पिंजऱ्याच्या तळाशी आढळल्यास समागम झाल्याचे निश्चित समजते. मात्र त्यावरून गर्भ राहिला असे म्हणता येत नाही. ही तारीख नोंदून ठेवल्यास पुढील सर्व अंदाज सुलभ होतात.

गर्भनिदान : गर्भावधी २१ ते २३ दिवसांचा असतो. पहिल्या आठवड्यात बाह्य खूण दिसत नाही. नेहमीचा माज न येणे ही पहिली सूचना होय. परंतु निष्फळ समागमानंतर येणाऱ्या आभासी गर्भावस्थेतही सु. १२ ते १४ दिवस माज थांबतो, म्हणून केवळ एवढ्यावरून निदान करू नये. प्रयोगशाळेत सु. तेराव्या-चौदाव्या दिवशी योनिस्रावात तांबड्या रक्तपेशी आढळल्यास गर्भ निश्चित मानतात. घरी वजनाची नोंद हे सर्वांत भरवशाचे साधन होय. दुसऱ्या आठवड्याच्या अखेरीपासून वजन झपाट्याने वाढते. वेत मोठे असल्यास ही वाढ १०० ग्रॅ. किंवा त्याहूनही अधिक होते. याच सुमारास आचळांच्या सहा जोड्या ठळक होतात व त्यांभोवतीचे केस विरळ होतात. तिसऱ्या आठवड्यात पोट दोन्ही बाजूंना फुगते, कधी पिलांची हालचालही दिसते आणि मादी कागद, चिंध्या गोळा करून घरटे बांधू लागते. पोट दाबून पाहणे अनुभवी हातांखेरीज धोक्याचे असते. लठ्ठपणा, गर्भाशयाचे विकार व विशेषतः प्रौढ माद्यांत आढळणाऱ्या स्तनग्रंथीच्या गाठी यांमुळेही गर्भाचा भास होतो. गाठ बहुधा एका बाजूस असते व ती २३ दिवसांनंतरही कायम राहते.

प्रसूती व संगोपन : प्रसूती सामान्यतः १ ते २ तासांत पूर्ण होते. मादी पिलांना चाटून स्वच्छ करते व वार खाऊन टाकते. ही क्रिया स्वाभाविक आहे. दोन-तीन तास कळा देऊनही पिलू बाहेर न आल्यास किंवा रक्तस्राव चालूच राहिल्यास पशुवैद्यास त्वरित दाखवावे, कारण उशिराने मादी व पिले दोन्ही दगावतात. एका वेतात बहुधा ६ ते १२ पिले असतात. ती जन्मतः केसहीन व आंधळी असून त्यांचे वजन ५ ते ६ ग्रॅ. असते. पोटावरील पातळ कातडीतून दिसणारा पांढरा पट्टा दूध मिळाल्याचे दर्शवितो. सु. १४ दिवसांनी डोळे उघडतात व २१ दिवसांनंतर दूध तोडता येते. गाभण व अंगावर पाजणाऱ्या मादीस प्रथिनयुक्त आहार व भरपूर पाणी द्यावे आणि तिला शांत जागी ठेवावे.

अनियोजित पैदाशीचे नियंत्रण : व्याल्यानंतर २४ तासांच्या आतच मादी पुन्हा माजावर येते. नर जवळ असल्यास ती दूध पाजत असतानाच पुन्हा गाभण राहते. अशा वेळी गर्भाचे रोपण लांबून गर्भावधी काही दिवसांनी वाढू शकतो व मादीची प्रकृती खालावते. म्हणून प्रसूतीपूर्वीच नर वेगळा करावा. पाचव्या आठवड्याच्या सुरुवातीस नर व मादी पिलेही वेगळी करावीत, अन्यथा भावंडांत समागम होतो. दुकानात नर-माद्या एकत्र ठेवलेल्या असल्यास तेथून आणलेली मादी आधीच गाभण असू शकते. ती निदान साडेतीन आठवडे स्वतंत्र ठेवून तिचे वजन पाहावे. रानटी उंदीर मात्र पैदाशीसाठी कधीही घेऊ नयेत, कारण त्यांच्या मूत्रातून लेप्टोस्पायरोसिससारखे रोग माणसांत पसरतात.