भाग ४१ : घड्याळ नीट चालतंय, तरी सर्व्हिसिंगला द्यायचं का?

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतं त्यांच्यासाठी हा भाग नेहमीप्रमाणे थोडा सावरून लिहून काढलाय. बोलताना घसरलेले एक-दोन विषय गाळलेत, बाकी सगळं तसंच आहे.

प्रश्न ठाण्याच्या एका श्रोत्याचा. त्यांच्याकडे ओमेगाचं सीमास्टर डायव्हर ३०० एम आहे, आतलं मशीन कॅलिबर ८८००. लग्नात सासऱ्यांनी दिलेलं, आता सहा वर्षं झाली. रोज हातात असतं, रविवारी पोहताना सुद्धा. वेळ चोख. दुकानातून सुचवलं गेलं की आता सर्व्हिसिंग करून घ्या, आणि खर्चाचा आकडा ऐकून हे गृहस्थ म्हणतात, 'चालतंय ते उघडायचं कशाला?'

प्रश्न रास्त आहे. सेलच्या घड्याळाला आपण बंद पडेपर्यंत हात लावत नाही, मग इथे वेगळा न्याय का?

आधी आत काय चालतं ते बघू. हे मशीन तासाला २५,२०० ठोके टाकतं, म्हणजे सेकंदाला ७. वर्षाचा हिशेब केलात तर २२ कोटींच्या वर जातो. सहा वर्षांत १३० कोटींहून जास्त, आणि तेही एकदाही न थांबता! चाकांच्या आसांची टोकं केसासारखी बारीक असतात आणि ती कृत्रिम माणकांच्या छिद्रांत फिरतात. म्हणूनच घड्याळावर 'ज्वेल्स' असं लिहिलेलं असतं. प्रत्येक माणकाला छोटीशी वाटी कोरलेली असते आणि तिच्यात तेलाचा एक थेंब. थेंब म्हणजे आपल्या कल्पनेतला नव्हे, सुईच्या टोकावर मावेल त्याहून कमी. आपल्याकडची जुनी माणसं 'घड्याळ ऑइलिंगला टाकलंय' असं म्हणायची ना, ते अगदी नेमकं होतं. सर्व्हिसिंगचा गाभा तोच आहे: सगळं सुटं करायचं, धुवायचं, नव्याने तेल द्यायचं.

आता खरी गोम. तेल सुकलं किंवा जागेवरून सरकलं तरी घड्याळ लगेच चुकत नाही. धातू माणकावर घासायला लागतो, त्याची बारीक भुकटी उरलेल्या तेलात मिसळते, आणि ते मिश्रण पॉलिश पेपरसारखं काम करतं. आस झिजत असतो आणि काटे मात्र तुम्हाला बरोबर वेळ दाखवत असतात. म्हणून 'वेळ बरोबर आहे' हा पुरावा अर्धाच.

मग कंपनीने सांगितलेल्या तारखेला डोळे मिटून द्यायचं का? माझं मत, नाही. ओमेगा साधारण ५ ते ८ वर्षं सांगते, रोलेक्स सुमारे १० वर्षं. स्वतः बनवणारेच एवढा मोठा पट्टा ठेवतात, कारण वापर सारखा नसतो. शिवाय दर वेळी उघडण्यात धोका असतोच. आत धूळ जाऊ शकते, स्क्रूला ओरखडा येतो, आणि केस पॉलिश करून कडा गोल केल्या की त्या परत येत नाहीत.

इथे मी दोन प्रकार वेगळे करतो. नव्या, मोठ्या संख्येने बनणाऱ्या मशीनचे सुटे भाग कंपनीकडे असतात. थोडं उशिरा दिलंत तर झिजलेलं चाक बदलून मिळतं, फार बिघडत नाही. पण १९६० च्या दशकातलं आजोबांचं घड्याळ असेल तर तो हिशेब लागू नाही. त्याचा भाग झिजला तर नवा कुठून आणणार? तिथे वाट बघू नका. शेवटचं तेल कधी दिलं ते घरात कुणालाच आठवत नसेल, तर दररोज चावी देऊन वापरण्याआधी एका चांगल्या घड्याळजीला दाखवा.

आता सीमास्टरकडे परत. घरी करता येण्यासारख्या दोन चाचण्या आहेत आणि दोन्ही फुकट.

पहिली, पॉवर रिझर्व्ह. क्राऊन उघडून ३०-४० फेरे चावी द्या, क्राऊन परत घट्ट बसवा, घड्याळ टेबलावर ठेवा आणि किती तासांनी थांबतं ते बघा. ८८०० ला कंपनी ५५ तास सांगते. तासा-दोन तासांच्या फरकाने घाबरायचं नाही. पण ४० च्या आसपासच थांबलं, तर आत घर्षण वाढलंय असं समजा.

दुसरी, रोजचा फरक. रात्री झोपताना मोबाइलच्या वेळेशी जुळवा आणि आठवडाभर त्याच वेळी नोंद करा. मी माझ्या घड्याळांची एक छोटी वही ठेवतो, घरचे हसतात, हसू देत. या मॉडेलचं प्रमाण दिवसाला ० ते +५ सेकंद आहे. एखादा दिवस इकडेतिकडे झाला तर सोडा. दोन वर्षांपूर्वी +२ होतं आणि आता -६, असा कल दिसला तर द्या. एरवी घड्याळ अचानक मिनिटभर पुढे पळायला लागलं तर मी आधी चुंबकत्वाचा संशय घेतो, ते पाच मिनिटांत काढून मिळतं आणि सर्व्हिसिंगची गरजही नसते. हे मशीन मात्र १५,००० गॉसपर्यंत दाद देत नाही, त्यामुळे इथे ते कारण जवळपास बाद.

दुकानात टाइमग्राफरवर लावतील तेव्हा ॲम्प्लिट्यूड विचारा. बॅलन्स व्हील किती अंशांत झुलतं तो आकडा. फक्त को-ॲक्सियल मशीनसाठी लिफ्ट अँगल वेगळा भरावा लागतो, तो भरलाय ना हेही विचारा, नाहीतर आकडा खोटा येतो.

आणि पाणी. याचं वेळापत्रक तेलाशी जोडूच नका. केसच्या रबरी रिंगा घाम, क्लोरीन आणि वयामुळे कडक होतात, मशीन उत्तम असलं तरी. ३०० मीटर हे नव्या घड्याळाचं वचन आहे. पोहणाऱ्याने वर्षातून एकदा, शक्यतो पावसाळ्याआधी, प्रेशर टेस्ट करून घ्यावी. काचेच्या आतून वाफ दिसली तर चाचण्या वगैरे काही नाही, त्याच दिवशी द्यायचं. गंज आठवड्याची वाट बघत नाही.

तर ठाणेकर मित्रा, या महिन्यात फक्त प्रेशर टेस्ट कर आणि आठवडाभराची नोंद ठेव. दोन्ही ठीक निघाल्या तर आणखी दीड-दोन वर्षं निर्धास्त वापर. देशील तेव्हा पावतीवर 'पॉलिश नको' आणि 'बदललेले भाग परत हवेत' हे लिहून घे. परत मिळत नसतील तर निदान कुठले बदलले त्याची यादी माग.