पेशीतील मालवाहतूक आणि न उतरणारे कोलेस्टेरॉल

लातूरच्या आडत बाजारात पोत्यावर मार्का नसेल, तर माल कोणत्या गाडीत चढवावा हे हमालास उमगत नाही. पेशीतील वाहतूकही अशाच खुणांवर चालते.

यकृतपेशीच्या पृष्ठभागावरील एलडीएल-ग्राहक हे प्रथिन रक्तातील कोलेस्टेरॉलवाहू कण धरते. मात्र धरलेला माल आत जाण्यासाठी ग्राहकाच्या पेशीतील शेपटीवरची खूण वाचली जावी लागते. अस्पॅराजिन, प्रोलिन, व्हॅलिन आणि टायरोसिन असा या खुणेचा क्रम आहे. डोमेन म्हणजे प्रथिनाचा स्वतंत्र घडीचा, ठराविक काम करणारा भाग. एआरएच या प्रथिनातील पीटीबी डोमेन ही खूण ओळखतो; त्याच प्रथिनाचे अन्य भाग क्लॅथ्रिन व एपी-२ यांना जोडले जातात. मग क्लॅथ्रिनच्या जाळीखाली पेशीपटल आत वळते व मालासह पुटिका सुटते.

ब्राउन व गोल्डस्टीन (नोबेल, १९८५) यांच्या अभ्यासातील एका रुग्णाचे ग्राहक कण धरीत, पण आत नेत नसत. शेपटीतील एका टायरोसिनच्या जागी सिस्टीन आले होते, हे १९८६ मध्ये स्पष्ट झाले. खूण शाबूत, पण ती वाचणारे एआरएचच सदोष, असा आजार २००१ मध्ये उलगडला.

हा दुसरा आजार आई व वडील या दोघांकडून सदोष जनुक आल्यासच होतो. त्यामुळे पालकांचे कोलेस्टेरॉल बहुधा प्राकृत असते. आपल्या नांदेड-लातूर भागात मामा-भाची, आते-मामेभावंडे असे विवाह होतात, म्हणून ही बाब आम्हांस महत्त्वाची वाटते. बालकाच्या अथवा तरुणाच्या टाचेच्या स्नायुबंधावर, कोपरावर वा गुडघ्यावर पिवळसर गाठी दिसल्यास केवळ मेदोरोग समजून गुग्गुळकल्पांवर थांबू नये. लिपिड तपासणी करावी, भावंडांचीही करवून घ्यावी व हृदयरोगतज्ज्ञांकडे पाठवावे. एआरएचच्या रुग्णांत स्टॅटिनचा उपयोग बहुधा चांगला होतो. पथ्याने मात्र हरवलेला डोमेन परत येत नाही. औषधविक्रेते बंधूंनीही चालू स्टॅटिन परस्पर बंद करण्याचा सल्ला देऊ नये.

यात स्रोतोरोधाचे साम्य अनेकांस जाणवेल. ते साम्य विचारास चालना देणारे आहे. त्यास पुरावा मात्र मानू नये, एवढेच आमचे नम्र निवेदन.