जोंगाचा हँडब्रेक: चाकाला नाही, दांड्याला धरतो!

जबलपूरच्या कारखान्यात बनलेली लष्करी जोंगा आता हौशी मंडळींच्या दारात उभी असते. तिचा हँडब्रेक आपल्या नेहमीच्या मोटारीसारखा नसतो. तो कसा चालतो, कसा बसवतात आणि कधी दगा देतो, हे गाडी चालवणाऱ्यानं आणि गाडीत बसणाऱ्यानंही जाणून घ्यायला हवं.

घाटात गाडी थांबवायची, हँडब्रेक ओढायचा आणि पोराबाळांना घेऊन खुशाल दरीचा देखावा बघायला जायचं. आपण सगळेच हे करतो. गाडी जागची हलणार नाही, याची मनोमन खात्री असते. साध्या मोटारीत हँडब्रेकची तार बहुधा मागच्या दोन चाकांपर्यंत जाते आणि ती चाकं जागीच आवळली जातात. पण डोंगरदऱ्या, चिखल आणि नदीनाले तुडवण्यासाठी बनवलेल्या कित्येक गाड्यांत हा ब्रेक चाकांपाशी नसतोच. तो असतो गाडीच्या पोटाखाली, गिअरकडून मागच्या चाकांकडे शक्ती नेणाऱ्या लांब दांड्यावर. या दांड्याला म्हणायचं प्रॉपेलर शाफ्ट.

अशीच एक नामांकित गाडी म्हणजे जोंगा.

नावातच गाव

जोंगा हे नाव ऐकायला आफ्रिकेतलं वाटतं, पण ते आहे अस्सल जबलपूरचं. ‘जबलपूर ऑर्डनन्स अँड गन कॅरेज असेम्ब्ली’ या इंग्रजी नावाची आद्याक्षरं जुळवून ते तयार झालं. विनोबांनी ज्या शहराला ‘संस्कारधानी’ म्हटलं, त्याच शहराची दुसरी ओळख म्हणजे संरक्षण साहित्याचे कारखाने. इथली गन कॅरेज फॅक्टरी १९०४ सालची. १९५९ मध्ये याच फॅक्टरीत जर्मनीच्या मान कंपनीच्या सहकार्यानं ‘शक्तिमान’ ट्रक बनू लागला. पुढे १९६९ मध्ये वाहनांसाठी खास व्हेइकल फॅक्टरी उभी राहिली. जपानच्या निस्सान कंपनीची ‘पेट्रोल’ ही गाडी परवान्यानं इथे घडू लागली, तीच आपली जोंगा. जवळपास चार लिटरचं, सहा सिलिंडरचं पेट्रोल इंजिन, चारही चाकांना जोर आणि कुठल्याही वाटेवर जायची तयारी. लष्करानं तिला वर्षानुवर्षं राबवलं.

नव्वदच्या दशकाअखेर जोंगाचं उत्पादन थांबलं. २०२१ च्या ऑक्टोबरमध्ये आयुध निर्माणींची पुनर्रचना झाली आणि व्हेइकल फॅक्टरी ‘आर्मर्ड व्हेइकल्स निगम लिमिटेड’ या सरकारी कंपनीकडे गेली. लष्करातून निवृत्त झालेल्या जोंगा मात्र लिलावातून हौशी लोकांच्या हाती आल्या. २०१९ साली महेंद्रसिंह धोनीनं जोंगा घेतली, तेव्हा तर या गाडीचं नाव नव्या पोरांच्याही तोंडी झालं.

अशी जुनी गाडी घरी आली की आधी रंग, मग टायर, मग सीटची गादी. हँडब्रेककडे लक्ष जातं ते सगळ्यात शेवटी. आणि तिथेच धोका असतो.

दांडाच का धरायचा?

इंजिनाची शक्ती गिअरबॉक्समधून ट्रान्सफर केसमध्ये येते. पुढच्या आणि मागच्या चाकांना शक्ती वाटून देणारी ही पेटी. तिच्या मागच्या तोंडातून शाफ्ट निघतो आणि मागच्या आसावरच्या डिफरन्शियलला जाऊन मिळतो. जोंगाच्या या पेटीच्या मागच्या तोंडाशीच एक ड्रम बसवलेला असतो. लिव्हर ओढला की ड्रममधले शू फाकतात, ड्रम आवळला जातो आणि त्याला जोडलेला शाफ्ट जागच्या जागी थांबतो. शाफ्ट थांबला की चाकं थांबली.

यात फायदा कोणता? हिशेब सोपा आहे. अशा गाड्यांत चाकाचा एक फेरा व्हायला शाफ्टला साधारण चार फेरे घ्यावे लागतात. म्हणजे चाक धरून ठेवायला जेवढा पीळ आवरावा लागेल, त्याच्या चौथा हिस्साच शाफ्टवर आवरावा लागतो. समजा, दोन टनांची गाडी पाच मीटरला एक मीटर अशा चढावर उभी आहे. तिला खाली ओढणारा जोर होतो सुमारे चारशे किलोचा. एवढं ओझं मागच्या चाकांतल्या दोन ब्रेकनी पेलण्याऐवजी शाफ्टवरचा एकच मध्यम आकाराचा ड्रम पेलतो, कारण डिफरन्शियलचे दाते त्याच्या मदतीला असतात.

दुसरा फायदा जागेचा. चाकं चिखलात रुततात, पाण्यात बुडतात. ट्रान्सफर केस त्या मानानं उंचावर असते. शिवाय लिव्हरपासून ड्रमपर्यंतचं अंतर हातभरच, त्यामुळे लांब तारा ताणल्या जाण्याची आणि गंजून अडकण्याची कटकट कमी. दुसऱ्या महायुद्धातल्या विलीस जीपलाही ब्रेक याच जागी होता. इंग्लंडच्या लँड रोव्हरनं १९४८ पासून हीच पद्धत धरली आणि तिच्या डिफेंडर गाडीनं २०१६ मध्ये उत्पादन थांबेपर्यंत ती सोडली नाही.

बसवायचा कसा?

जुन्या गाडीत हा ब्रेक बहुतेक वेळा मोडलेला, नाहीतर कुणीतरी काढूनच टाकलेला असतो. तो पुन्हा बसवणं हे गॅरेजमधलं दिवसभराचं काम. आपण बाजूला उभे असू, तर मिस्त्री काय करतोय ते कळायला हवं.

पहिली गोष्ट, गाडी सपाट जागेवर हवी आणि चारही चाकांना पुढून-मागून भक्कम लाकडी ठोकळे हवेत. शाफ्ट सोडवला की हा ब्रेक उरतच नाही, हे मिस्त्रीलाही पुन्हा सांगावं. शाफ्ट काढण्याआधी त्याच्या आणि फ्लँजच्या तोंडावर खूण करतात. जोडताना खुणेला खूण जुळली नाही तर शाफ्टचा तोल जातो आणि गाडी थरथरू लागते.

मग येतो खरा कळीचा भाग, तो म्हणजे ऑइल सील. ट्रान्सफर केसमधलं तेल बाहेर येऊ नये म्हणून शाफ्टभोवती रबरी कडी असते. ती जुनी झाली की तेल थेंब थेंब ड्रममध्ये झिरपतं आणि शूच्या लायनरला लागतं. तेलकट लायनर काय धरणार? लिव्हर घट्ट लागतो, हाताला जोर जाणवतो, पण ड्रम घसरतो. म्हणून नवे शू घालायचे तर सीलही नवी घालायची. शंभर-दोनशे रुपये वाचवायला जुनी सील ठेवली तर नवे लायनर पुन्हा तेलात भिजणार. बेअरिंगमध्ये खुळखुळा असेल, तर नवी सीलही टिकत नाही.

त्यानंतर मागची प्लेट, शू, स्प्रिंगा, ड्रम आणि फ्लँज क्रमानं बसतात. फ्लँजचा मोठा नट कंपनीच्या पुस्तकात दिलेल्या मापानंच आवळायचा असतो, ‘हाताच्या अंदाजानं’ नाही. शाफ्टच्या क्रॉस जॉइंटमध्ये खेळ असेल, तर तो याच वेळी बदलून घ्यावा. शाफ्टच तुटका निघाला, तर ब्रेक कितीही नवा असो, त्याचा उपयोग शून्य.

काही हौशी मंडळी ड्रमऐवजी डिस्क आणि कॅलिपर बसवतात. दिसायला छान, जुळवायलाही सोपं. पण फ्लँज आणि शाफ्टच्या मध्ये डिस्कची जाडी वाढते, तेवढा शाफ्ट मागे सरकतो. शाफ्टच्या सरकत्या जोडात तेवढी जागा शिल्लक आहे का, हे मोजावं लागतं. नसेल तर शाफ्ट आखूड करून त्याचा तोल पुन्हा साधून घ्यावा लागतो. उघडी डिस्क खडकाला लागणार नाही, हेही पाहावं लागतं. मूळ बनावटीत असा बदल करायचा, तर आधी आरटीओत विचारावं हे बरं. मोटार वाहन कायदा १९८८ चं कलम ५२ अशा बदलांना मर्यादा घालतं.

सगळं जोडून झालं की मागची दोन्ही चाकं उचलून, गाडी घोड्यांवर टेकवून जुळवणी करतात. लिव्हर खाली असताना ड्रम हातानं मोकळा फिरला पाहिजे आणि थोड्याच खाचांत पक्का आवळला गेला पाहिजे. शेवटी चढावर चाचणी घ्यायची. एकदा गाडीचं तोंड वर करून, एकदा खाली करून. आत ड्रायव्हर पायाच्या ब्रेकवर तयार आणि उताराच्या बाजूला चिटपाखरूही नको.

इथे दगा होतो

आता सगळ्यात महत्त्वाचं. हा ब्रेक शाफ्ट धरतो आणि शाफ्टच्या पुढे डिफरन्शियल असतं. वळणावर बाहेरचं चाक जास्त आणि आतलं कमी फिरावं, ही सोय करणारी ही यंत्रणा. शाफ्ट पक्का धरला तरी ती एक गोष्ट होऊ देते. एक चाक पुढे फिरलं, तर दुसरं तेवढंच मागे फिरू शकतं.

दोन्ही चाकं जमिनीवर असताना याचा त्रास नाही. गाडी घरंगळायची तर दोन्ही चाकं एकाच दिशेनं फिरायला हवीत आणि ते शक्य नसतं. पण पंक्चर झालं, मागचं एक चाक जॅकवर उचललं, की गणित बदललं. हवेतलं चाक आता उलटं फिरायला मोकळं आणि म्हणून जमिनीवरचं चाक सुलटं फिरायला मोकळं. हँडब्रेक पूर्ण ओढलेला असतानाही गाडी पुढे सरकते, जॅक कलंडतो आणि गाडी खाली येते. त्या वेळी कुणाचा हात चाकाखाली असेल, कुणी गाडीखाली वाकलेलं असेल, तर पुढचं सांगायला नको. इथे ब्रेक नादुरुस्त नसतो. तो अगदी ठीक असतानाच हे घडतं, म्हणून तर माणूस गाफील राहतो. गाडी गिअरमध्ये टाकून ठेवली तरी हाच प्रकार होतो, कारण गिअरही शेवटी शाफ्टच धरतो.

एक चाक शेवाळलेल्या दगडावर किंवा ओल्या चिकणमातीवर असेल तरी तोच धोका. ते घसरून उलटं फिरू लागतं आणि गाडी हळूहळू सरकते. अशा जागी फोर-व्हील गिअर टाकावा. मग पुढचा शाफ्टही मागच्या शाफ्टशी जखडला जातो आणि पुढची चाकं मदतीला येतात. पुढच्या चाकांना हातानं लावायचे हब असतील, तर तेही लावलेले हवेत. तरीही ठोकळ्याला पर्याय नाही.

आणखी एक सवय मोडायला हवी. चालत्या गाडीत हा लिव्हर ओढायचा नाही. ताशी चाळीसच्या वेगालाही शाफ्ट मिनिटाला हजाराहून जास्त फेरे घेत असतो. तो एकदम अडवला तर जॉइंट तुटू शकतो, दाते उडू शकतात. पायाचा ब्रेक निकामी झाला, तरच नाइलाजानं आणि हलक्या हातानं याचा आधार घ्यायचा. लिव्हर सोडायला विसरून गाडी दामटली, तर ड्रम पाहता पाहता तापतो, लायनर करपतो आणि शेजारी तेल गळत असेल तर आगीचीही भीती.

उभी गाडी ब्रेक ओढल्यावरही बोटभर पुढे-मागे डुलते, त्यानं मात्र घाबरायचं कारण नाही. दात्यांमधला आणि जॉइंटमधला खेळ संपेपर्यंत ती तेवढी हलतेच. डुलणं दिवसेंदिवस वाढत असेल तर मिस्त्रीला दाखवावं.

कायदाही हेच सांगतो

केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९ नुसार मोटारीला पायाचा ब्रेक आणि पार्किंग ब्रेक अशा दोन स्वतंत्र यंत्रणा हव्यात. मोटार वाहन कायद्याचं कलम १२६ सांगतं, की ड्रायव्हरच्या जागी परवानाधारक माणूस नसेल, तर इंजिन बंद करून, ब्रेक लावून किंवा अन्य उपायानं गाडी आपोआप चालू लागणार नाही याची खात्री केल्याखेरीज ती सार्वजनिक जागी सोडून जाता येत नाही. ‘जोंगाचा हँडब्रेक काय, नसला तरी चालतो, गिअरमध्ये टाकली की झालं’ असं म्हणणारे शौकीन पुष्कळ भेटतात. पण ट्रान्सफर केस चुकून न्यूट्रलला राहिली तर इंजिनाचा गिअर चाकांना धरतच नाही. तेव्हा गाडी अडवायला उरतो फक्त शाफ्टवरचा हा ब्रेक.

जबलपूरच्या कामगारांनी घडवलेली ही गाडी आज पन्नाशीतही धावते, ते तिच्या साध्या, मजबूत रचनेमुळे. तिचा हँडब्रेकही तसाच साधा आणि मजबूत आहे. त्याच्याकडून काय काम घ्यायचं आणि काय घ्यायचं नाही, एवढं ओळखलं की तो साथ सोडत नाही.

हे विसरू नका

• चाक बदलताना गाडी सपाट जागेवर घ्या. जमिनीवरच्या चाकांना दोन्ही बाजूंनी ठोकळे लावा, मगच जॅक लावा. गाडीत कुणालाही बसू देऊ नका.

• नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली कधीही शिरू नका.

• चढाकडे तोंड असेल तर पहिला गिअर, उताराकडे असेल तर रिव्हर्स. ट्रान्सफर केस न्यूट्रलला नाही ना, हे पाहा.

• नदीनाला ओलांडल्यावर थांबून ब्रेक धरतो का ते तपासा. ड्रममध्ये गाळ गेला असेल तर साफ करून घ्या.

• गाडीच्या पोटाखाली, मधोमध तेलाचे डाग दिसले तर सील तपासून घ्या.

• लहान मुलांना उभ्या गाडीत एकटं सोडू नका. लिव्हर त्यांच्याही हाताशी असतो.