रंग निळा, प्रकाश लाल

मी देवनहळ्ळीत दातांचा दवाखाना चालवतो. गेल्या वर्षी एक काकू आल्या. मूळच्या बेळगावच्या, इथे मुलाकडे राहतात. देवनहळ्ळीचा चकोता, म्हणजे आपला पपनस, खाताना फोडीला रक्त लागलं म्हणून घाबरल्या होत्या. 12 वर्षांचा मधुमेह. मी म्हटलं, "काकू, हिरडीखालचा कीटण काढावा लागेल." त्या म्हणाल्या, "त्यानं दात हलतात म्हणे. त्यापेक्षा तो निळ्या लाइटचा इलाज करा की! पोरानं मोबाइलवर दाखवलाय."

तर आज त्या इलाजाबद्दल. पहिली गोष्ट, लाइट निळी नसते. निळा असतो तो रंग, बहुतेक वेळा मेथिलीन ब्लू. निळी लाइट आपण दातात सिमेंट भरल्यावर ते कडक करायला वापरतो, ते वेगळं. मेथिलीन ब्लू निळा दिसतो कारण तो लाल प्रकाश शोषून घेतो. म्हणून त्याच्यावर साधारण 660 नॅनोमीटरचा लाल प्रकाश टाकतात.

दात आणि हिरडी यांच्यात जी फट पडते तिला आम्ही पॉकेट म्हणतो. त्यात हा रंग सोडायचा, थोडं थांबायचं, जास्तीचा धुऊन टाकायचा आणि बारीक नळीतून प्रकाश सोडायचा. रंगाच्या कणांवर धन भार असतो, जंतूंच्या आवरणावर ऋण, त्यामुळे रंग त्यांना चिकटतो. शोषलेली ऊर्जा तो शेजारच्या ऑक्सिजनला देतो. तो ऑक्सिजन मग इतका चिडखोर होतो, की जंतूचं आवरणच फाडतो. त्याचं आयुष्य सेकंदाच्या लाखाव्या भागापेक्षाही कमी, म्हणून मार लागतो तो रंग जिथे चिकटलाय तिथेच.

कल्पना जुनी आहे. म्युनिकच्या ऑस्कर राब या विद्यार्थ्याने 1900 साली दाखवलं होतं, की अ‍ॅक्रिडीन रंगातले पॅरामिशियम उजेडात लवकर मरतात, अंधारात तग धरतात. मला हा प्रयोग फार आवडतो. बरणी, रंग आणि खिडकी, एवढंच सामान!

पण काकूंच्या तोंडात अडचण होती. कीटण दगडासारखा. त्याच्या आत ना रंग शिरतो ना प्रकाश. खोल पॉकेटमध्ये ऑक्सिजनही कमी, आणि त्याच्याशिवाय सगळा खेळ बंद. त्यामुळे हा इलाज सफाईच्या ऐवजी नाहीच, फार तर सफाईनंतर जोडीला. तिथेही जास्तीचा फायदा किती, यावर अभ्यासांचं एकमत नाही. युरोपियन फेडरेशन ऑफ पेरिओडॉन्टॉलॉजीच्या 2020 च्या मार्गदर्शक सूचनांत तर तो जोडीलाही वापरू नये असं सुचवलंय. म्हणून ते मशीन मी घेतलेलं नाही.

राहिला दात हलण्याचा प्रश्न. हाड आधीच झिजलेलं असतं, कीटणाने दात एकमेकांना जखडलेले असतात. तो काढला की खरी स्थिती कळते. सफाई दात हलवत नाही, हललेले उघड करते. हे समजवायला मला अर्धा तास आणि एक एक्स-रे लागला.

काकू तयार झाल्या. साखर तपासून, भूल देऊन चार बैठकांत सफाई केली. तीन महिन्यांनी रक्त जवळपास थांबलं होतं. दोन ठिकाणी पॉकेट अजून 6 मिलिमीटर होतं, तिथे पुन्हा साफ केलं. मुलाने हळूच विचारलं, "आता तरी लाइट मारायची का?" मी त्याला दाढांच्या मधे फिरवायचा छोटा ब्रश दिला आणि आईकडून रोज रात्री करून घ्यायला सांगितलं.