कारखाना की शाळा?

पनवेलहून रोह्याला निघालेली गाडी आपटा सोडते तेव्हा कुठे डब्यात ऐसपैस बसायला मिळते. पुढचे स्टेशन जिते, त्यापुढे हमरापूर, मग पेण. या पट्ट्यात कोणी ‘कारखान्यात जातो’ म्हणाले तर धुराडे शोधू नये. हमरापूर, जोहे, कळवे, तांबडशेत अशा गावांत कारखाना म्हणजे पत्र्याच्या नाहीतर निळ्या प्लास्टिकच्या छपराखाली दाटीवाटीने बसलेले गणपती. तळकोकणात याच जागेला ‘गणपतीची शाळा’ म्हणतात. एकाच धंद्याला एकीकडे कारखाना, दुसरीकडे शाळा. इंजिनिअरिंग आणि मॅनेजमेंटच्या महाविद्यालयांना या नामभेदाने विचारात पाडायला हवे.

आत काय चालते? रबराच्या साच्यात प्लास्टरचा पातळ लगदा ओततात, त्यात काथ्या घालून थर भक्कम करतात. काही मिनिटांत प्लास्टर कडक होते आणि साचा हातमोज्यासारखा सोलून निघतो. मग सांधे घासणे, पांढरा हात, अंगाचा रंग, पितांबर, दागिने. सगळ्यात शेवटी डोळ्यांची आखणी. आखणी करणारा हात वेगळा, त्याचा भाव वेगळा आणि श्रावणात तो कुणाला मिळेल यावरून कारखान्यांत चढाओढ. न रंगवलेल्या ‘कच्च्या’ मूर्ती इथून दूरदूरच्या शहरांत जातात आणि आखणी तिकडेच होते. म्हणजे मालाची सगळ्यात किमती पायरी काही वेळा गावाबाहेरच पार पडते. व्यवस्थापनाच्या पुस्तकात यालाच मूल्यसाखळी म्हणतात.

आता हीच मूर्ती विद्यापीठात न्यावी. कोणत्या विभागात ठेवायची?

रसायनशास्त्रवाला म्हणेल, माझी. जिप्सम दीडशे अंश सेल्सिअसच्या आसपास तापवले की त्यातले तीन चतुर्थांश पाणी उडते आणि प्लास्टर ऑफ पॅरिस मिळते. पाणी परत दिले की त्याचे पुन्हा जिप्सम होते. एका लिटर पाण्यात जिप्सम जेमतेम दोन-अडीच ग्रॅम विरघळते. पाच किलोची मूर्ती पूर्ण विरघळायची तर नुसत्या हिशेबाने दोन हजार लिटरांहून अधिक पाणी लागेल. घरच्या बादलीत ते कसे जमावे?

या बादलीवर पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेने तोड काढली. पाण्यात मूर्तीच्या वजनाइतकेच अमोनियम बायकार्बोनेट घालायचे. दोनेक दिवसांत खाली कॅल्शियम कार्बोनेटचा गाळ बसतो आणि वर अमोनियम सल्फेटचे पाणी उरते. हे पाणी खत म्हणून चालते. पुणे महापालिकेने ही पावडर नागरिकांना वाटली. लोकांनी तिला ‘खायचा सोडा’ म्हणून टाकले. स्वयंपाकघरातला सोडा सोडियमचा, हा अमोनियमचा. बादलीवर वाकले की नाकाला कळतेच. रसायन बरोबर ठरले आणि पुढचे प्रश्न रसायनाचे राहिलेच नाहीत. टनावारी पावडर आणायची कोणी, खताचे पाणी उचलायचे कोणी, आणि दोन दिवस बाल्कनीतल्या बादलीत अर्धवट विरलेला बाप्पा बघायची घरातल्या आजीची तयारी आहे का?

कायदा तर वेगळ्याच चालीने चालला. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने मे २०२० मध्ये प्लास्टरच्या मूर्तींविरुद्ध मार्गदर्शक तत्त्वे काढली. तोवर त्या वर्षीच्या मूर्ती घडून रांगेत उभ्या होत्या, त्यामुळे अंमलबजावणी पुढे ढकलावी लागली. पुढची वर्षे धरसोडीत गेली. डॉ. अनिल काकोडकर अध्यक्ष असलेल्या राजीव गांधी विज्ञान व तंत्रज्ञान आयोगाच्या तज्ज्ञ समितीनेही यात लक्ष घातले. जून २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने मूर्ती घडवण्या-विकण्याला वाट मोकळी करून दिली, विसर्जनाचे मात्र वेगळे ठेवले. कारखानदाराला यातले एकच कळते: गणपती विकेपर्यंत पैसा अडकलेला असतो. माल वर्षभर घडतो, वसुली भाद्रपदाच्या तोंडावर. मधे नियम बदलला तर व्याज थांबत नाही. शाडूकडे वळा म्हणणे सोपे आहे. शाडूही गुजरातेतून येतो, तो पावसाळी हवेत सावकाश वाळतो, वजनाला जड आणि गाडीत पटकन तडकतो.

अशा प्रश्नांना विद्यापीठात घर नसते असे नाही. मुंबईच्या आयआयटीत १९८५ पासून ग्रामीण भागासाठी पर्यायी तंत्रज्ञानाचे केंद्र आहे, ‘सी-तारा’ नावाने ओळखले जाणारे. तंत्रज्ञान आणि विकास या विषयात एम.टेक. तिथे २००७ पासून शिकवले जाते, आणि त्यात गावात मुक्काम हा अभ्यासाचाच भाग. संगणकशास्त्राचे प्राध्यापक मिलिंद सोहोनी तिथे पाण्याच्या प्रश्नाकडे वळले. पेणच्याच रायगड जिल्ह्यातल्या कर्जत तालुक्यात विद्यार्थ्यांनी नळयोजनांचा माग काढला. पावसाळ्यात धो-धो कोसळणारा हा तालुका उन्हाळ्यात टँकरची वाट बघतो. पाइप किती जाड, टाकी किती उंचीवर, वीजबिल कोण भरते आणि शेवटच्या वाडीपर्यंत पाणी का पोचत नाही, हे चारही प्रश्न एकाच वहीत आले. यातले आधीचे दोन गणिताचे. पुढे कमी खर्चात नळाचे जाळे आखून देणारी ‘जलतंत्र’ ही संगणकप्रणालीही आयआयटीतूनच आली. वीजबिलाचे उत्तर मात्र प्रणालीत नाही, ते ग्रामपंचायतीत शोधावे लागते. राज्य सरकारने २०१६ मध्ये उन्नत महाराष्ट्र अभियानातून अशी कामे इतर अभियांत्रिकी महाविद्यालयांनीही करावीत असे ठरवले.

आंतरविद्याशाखीय हा शब्द जिभेला जड, पण गोष्ट नवी नाही. पुण्याच्या कृषी महाविद्यालयाचे प्राचार्य हॅरल्ड मान मुळात रसायनशास्त्रज्ञ. मातीचा कस तपासणारा हा माणूस पिंपळे सौदागरमधल्या शेताचे तुकडे आणि शेतकऱ्यांची कर्जे मोजत बसला. १९१७ साली त्याचे पुस्तक झाले. पुढे ना. वि. कानिटकरांबरोबर जातेगाव बुद्रुकचा अभ्यास १९२१ साली आला. माती आणि सावकार एकाच शेतात भेटतात, हे त्यांना कोणत्या समितीने सांगितले नव्हते. त्यांना सत्र परीक्षाही नव्हत्या.

खरी अडचण तिथेच आहे. जुलै-ऑगस्टात महाविद्यालयाचे वर्ग लागतात, शेवटच्या वर्षाचा प्रकल्प एप्रिल-मेच्या आत बांधून द्यायचा. पेणचे पंचांग वेगळे. जानेवारीत कारखाना शांत, रांगेने कच्च्या मूर्ती. विद्यार्थी येतो तो तेव्हाच. श्रावणातली आखणीची धांदल, भाद्रपदातली वसुली, विसर्जनानंतर किनाऱ्याला लागलेला काथ्या हे सगळे त्याच्या मुदतीबाहेरचे. वरून गुणांचा प्रश्न: मार्गदर्शक यंत्र अभियांत्रिकीचा असेल तर साच्याला गुण मिळतील, सावकाराच्या व्याजाला कोण देणार? एका प्रकल्पाला दोन शाखांचे दोन मार्गदर्शक आणि बारा महिन्यांची मुदत देणे काही अशक्य नाही. कर्जतच्या कामांतही एका तुकडीने सोडलेला धागा पुढच्या तुकडीने उचलला. जिल्ह्यात लोणेऱ्याला डॉ. बाबासाहेब आंबेडकर तंत्रशास्त्र विद्यापीठ आहे, राज्यभरची महाविद्यालये त्याला जोडलेली. पेणहून ते मुंबई-गोवा महामार्गावरच लागते.

बारा महिने थांबणाऱ्याला शेवटी जे दिसते ते एरवी कुणाला दिसत नाही. अनंत चतुर्दशी होते, कारखाने रिकामे होतात. त्यानंतरच्या संकष्टीला पेणच्या परिसरात पुन्हा गणपती बसतात. ही साखरचौथ. भाद्रपदात गिऱ्हाइकांचे बाप्पा रंगवताना ज्यांना स्वतःच्या घरात पाट मांडायला सवड झाली नाही, त्यांच्यातल्या अनेकांचा गणेशोत्सव हाच. पितृपक्ष असला तरी आरत्या होतात, उकडीचे मोदक होतात. आणि ओट्यावर पुढच्या वर्षीच्या साच्यांना साबणपाणी लावून ठेवलेले असते.