न हलणाऱ्या होडीचे 2000 मीटर

2018 साली जॉश डंकली-स्मिथ या ऑस्ट्रेलियन रोइंगपटूनं 5 मिनिटं 35.8 सेकंदांत 2000 मीटर अंतर कापून जागतिक विक्रम केला. गंमत अशी, की जिथे बसला होता तिथूनच तो उठला. इंचभरही पुढे गेला नव्हता. बसला होता तो रोइंग मशीनवर: खाली रुळावर सरकणारी सीट, हातात साखळीला जोडलेलं हँडल आणि समोर जाळीत बंद केलेला पंखा. अगदी तेच मशीन तुम्ही तुमच्या हॉलमध्ये ठेवू शकता.

पण मग ते 2000 मीटर मोजले कुणी? पंख्याच्या फेऱ्यांना परिघानं गुणलं म्हणावं, तर तसं नाही. खरं उत्तर त्याहून फार मजेशीर आहे. मशीन विकत घ्यायच्या विचारात असाल तर ते समजून घ्याच, कारण दुकानातली सगळी रोइंग मशीन दिसायला सारखीच. फरक एकाच गोष्टीत असतो: तुम्ही हँडल ओढता तेव्हा पलीकडून विरोध कोण करतं? तेल, चुंबक, पाणी की हवा?

तेलाचं मशीन सगळ्यांत स्वस्त आणि सगळ्यांत आटोपशीर. प्रत्येक हाताशी एक पिस्टन असतो. आतलं तेल बारीक भोकातून ढकलायला जोर लागतो, तोच तुमचा व्यायाम. पण ढकलून ढकलून तेल तापतं, आणि तापलं की पातळ होतं. म्हणजे तुम्ही दमत जाता तसं मशीनही ढिलं पडत जातं! जागेची फारच अडचण असेल तरच याच्या वाटेला जावं, असं माझं मत.

चुंबकाचं प्रकरण मात्र जादूचं आहे. अ‍ॅल्युमिनियमला चुंबक चिकटत नाही, हे आपण शाळेत शिकलो. पण अ‍ॅल्युमिनियमची चकती जोरात फिरवा आणि चुंबक नुसता जवळ धरा. चकती मंदावते. स्पर्श नाही, घर्षण नाही, तरी मंदावते! होतं असं, की चुंबकाजवळून धावणाऱ्या धातूत विजेचे छोटे छोटे भोवरे तयार होतात आणि ते स्वतःच चुंबकासारखे वागून ज्या गतीतून जन्मले तिलाच अडवतात. चकती थांबली की भोवरे गायब, विरोधही गायब. रोलर कोस्टर थांबवायला हीच युक्ती वापरतात. इथे घासत काहीच नाही, त्यामुळे झिजत नाही आणि आवाजही जवळजवळ होत नाही. पहाटे साडेपाचला व्यायाम करायचा आहे आणि शेजारच्या खोलीत बाळ झोपलंय, अशा घरासाठी हेच मशीन.

पाण्याच्या मशीनमध्ये खरोखरची पाण्याची टाकी असते आणि तिच्यात पाती फिरतात. अमेरिकी रोइंगपटू जॉन ड्यूक यांनी 1980च्या दशकात लाकडी चौकटीतलं असं मशीन घडवलं. दर ओढीला खळाळ ऐकू येतो, आणि त्या आवाजासाठीच जास्तीचे पैसे मोजणारे लोक आहेत. टाकीत पाणी वाढवलं की होडी जड होते. शेवाळ धरू नये म्हणून अधूनमधून शुद्धीकरणाची गोळी टाकायची, एवढीच देखभाल.

आता हवा. इथे मी जरा रेंगाळणार आहे.

अमेरिकेत व्हरमाँटमध्ये डिक आणि पीट ड्रायसिगॅकर हे दोघे भाऊ 1976 पासून वल्ही बनवत होते. तिथल्या हिवाळ्यात पाण्यावर उतरायची सोय नाही. घरात बसून वल्हवण्याची कल्पना तशी जुनीच होती, 1912 मध्ये टायटॅनिकच्या व्यायामशाळेतही रोइंग मशीन होतं. या भावांनी काय केलं, तर एक सायकल उलटी करून जमिनीला ठोकली आणि तिच्या साखळीचं मोकळं टोक ओढायला सुरुवात केली. चाकाला हवा अडवणारे प्लास्टिकचे तुकडे लावले. 1981 मध्ये त्याचं विक्रीचं मशीन झालं. कन्सेप्ट-टू हे त्यांच्या कंपनीचं नाव, आणि डंकली-स्मिथ बसला होता तो याच मशीनच्या वंशजावर.

हवेला तुम्ही फारसं मोजत नसाल, पण तिचा हिशेब कडक असतो. पंखा दुप्पट वेगानं फिरवलात तर दर सेकंदाला दुप्पट हवा पात्यांवर आदळते, आणि आदळते तीही दुप्पट वेगानं. म्हणजे विरोध चौपट. शिवाय हँडलही दुप्पट वेगानं ओढावं लागतं. एकूण ताकद लागते आठपट! 500 मीटरला अडीच मिनिटं घेत असाल तर साधारण 104 वॉट पुरतात. दोन मिनिटांत यायचं तर 203. डंकली-स्मिथच्या विक्रमाचा हिशेब येतो सुमारे 590 वॉट, म्हणजे पाऊण अश्वशक्तीहून थोडी जास्त, आणि तीही सलग साडेपाच मिनिटं.

याचा एक सुंदर परिणाम होतो. या मशीनला वजनं लावावी लागत नाहीत. आजींनी हळू ओढलं तर ते आजींपुरतं हलकं असतं आणि नातवानं आवेशानं ओढलं तर त्याच्यापुरतं जड.

पंख्याच्या बाजूला 1 ते 10 आकड्यांची एक खटकी असते, तिला डँपर म्हणतात. नवखा माणूस बसल्या बसल्या ती 10 वर नेतो, अंगातली रग दाखवायला. पण डँपर फक्त जाळीत हवा किती शिरेल ते ठरवतो. आता सांगा, हवेची वाट बंद केली तर पंखा जड व्हायला हवा की हलका? हलका होतो! कपातला चहा चमच्यानं गोल ढवळत राहिलात की थोड्या वेळानं चहाच चमच्याबरोबर फिरायला लागतो आणि हाताला काही लागतच नाही, तसंच हे. कोंडलेली हवा पात्यांबरोबर गरगरते, ताजी हवा येत नाही, विरोध घटतो. 10 वर होडी अवजड, मंद लागते. खाली आणाल तशी ती सडपातळ, चपळ होते. मुरलेले रोइंगपटूही बऱ्याचदा 3 ते 5 च्या दरम्यानच असतात.

पण मग प्रश्न पडतो. मुंबईच्या दमट हवेत ओढलेले 2000 मीटर आणि लेहमधले 2000 मीटर सारखे कसे? लेहची हवा सुमारे 30 टक्क्यांनी विरळ, तिथे पंखा हलकाच फिरणार. ही तर उघड सवलत झाली!

नाही होत. हँडल ओढून झालं की तुम्ही पुढे सरकता. त्या सेकंदभरात पंख्याला कुणीच ओढत नसतं, तो आपोआप मंदावत असतो. किती झपाट्यानं मंदावतोय, हे मशीन मोजतं. चाक किती जड आहे हे त्याला ठाऊकच आहे, त्यावरून आत्ता या खोलीतली हवा किती अडवतेय ते त्याला कळतं. या आकड्याला ड्रॅग फॅक्टर म्हणतात आणि तो प्रत्येक ओढीनंतर नव्यानं काढला जातो. उंची, उकाडा, डँपर, धूळ, सगळं त्यात आलं. त्यातून तुमची खरी ताकद वॉटमध्ये निघते, आणि तेवढ्या ताकदीला एक काल्पनिक होडी किती पुढे गेली असती, ते म्हणजे स्क्रीनवरचे मीटर. लेहमध्ये तुमची फुप्फुसं तक्रार करतील, त्यावर मात्र मशीनकडे इलाज नाही.

आकडे असे खरे असल्यामुळेच जगभर रोइंगपटूंना पाण्याबरोबर या मशीनवरही पारखतात. कॅलरीच्या आकड्यावर मात्र फार विसंबू नका. मशीन तुमचं वजन विचारत नाही, सगळ्यांना तासाला 300 कॅलरी आधीच बहाल करतं आणि वर मेहनतीच्या जोडतं.

आणि हा हातांचा व्यायाम आहे, हा गैरसमज बसण्याआधीच सोडा. प्रशिक्षक सांगतात, ढोबळमानानं 60 टक्के काम पायांचं, 30 धडाचं आणि हातांचं उरलेलं 10. आधी पाय रेटायचे, मग धड मागे न्यायचं आणि हात शेवटी. परतताना बरोबर उलट.

खरेदीला जाताना टेप न्या. हवेच्या मशीनला साधारण 8 फूट लांब आणि 2 फूट रुंद जागा लागते, आणि ओढताना कोपर-खांद्यांना भोवती मोकळीक हवी ती वेगळी. वापर झाल्यावर दोन तुकडे करून उभं करता येतं. धावण्याच्या मशीनसारखे दणके बसत नाहीत, त्यामुळे खालच्या मजल्यावरचे भांडायला येणार नाहीत. पंख्याच्या घरघरीत तुमचा टीव्ही मात्र ऐकू येणार नाही. नेहमीची सीट जमिनीपासून 14 इंचांवर असते. गुडघे कुरकुरत असतील तर 20 इंचांचं उंच मॉडेल बघा, उठताना फरक कळेल.

जुनं मशीन मिळत असेल तर जरूर बघा, ही टिकतात. साखळीला तेल आहे ना, सीट न अडखळता सरकते ना, ते तपासा. मग डँपर 10 वर ठेवून दहाबारा वेळा ओढा आणि स्क्रीनवर ड्रॅग फॅक्टर लावा. स्वच्छ मशीनवर तो 200 च्या आसपास येतो. बराच खाली आला तर जाळीत धुळीचा थर बसलाय आणि हवेची वाट तुंबलीय. घरी आणून जाळी उघडायची आणि व्हॅक्युम क्लीनर फिरवायचा, काम झालं. पण हे भाव ठरायच्या आधी मालकाला सांगू नका.